पंखा येईपर्यंत

कुताइसीत, रिओनीच्या पुलापाशी, एका तळघरात
मी लोकांची जुनी लग्नं धुते.
म्हणजे आठ मिलिमीटरची रिळं:
बुरशी, ओरखडे, कुणाच्या तरी सासऱ्याचं अर्धं जळालेलं डोकं.
एकेक चौकट यंत्रापुढे ठेवायची.
त्यानं विचार करायचा, आपण चहा प्यायचा.

या खेपेला हात सैल सोडला.
दोन रिळांची आगाऊ रक्कम, आईचं शिवणयंत्र विकून आलेले पैसे,
सगळं मिळून सोळा कोअरचा प्रोसेसर.
तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली,
श्वास रोखून खटका बसवला,
बटण दाबलं
आणि हजेरी घेतली.

शून्य? हजर.
एक? हजर.
पुढे सामसूम.
जणू चौदा पोरं भिंतीवरून उड्या टाकून
नदीवर पोहायला गेलेली.

सोळा आण्यांचा माल, पदरात दोन आणे.

आधी दोष दिला विकणाऱ्याला.
बाद्री फोनवर म्हणाला, काकू, डबा तुमच्यासमोर फोडला.
खरं होतं.
मग दोष दिला स्वतःच्या अंगठ्याला.
प्रोसेसर उपसला, भिंग लावून पिना तपासल्या.
एकही वाकलेली नव्हती;
मी मात्र कंबरेत वाकले ती दोन दिवस सरळ झाले नाही.
मग बायोस नवं चढवलं. त्या सात मिनिटांत
वीज जाऊ नये म्हणून वरच्या लामाराला सांगून आले,
आज इस्त्री लावू नकोस. तिनं कारण विचारलं नाही.
बायोसच्या निळ्या पडद्यावर सोळाच्या सोळा.
तिथून आत आलं की दोन.

म्हणजे चौदाजण शाळेतच होते.
त्यांची नावंच कुणी पुकारत नव्हतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते रात्री दीडला कळलं.
प्रोसेसर नवा, बोर्ड नवा, पण डिस्क तीच,
जुन्या घरातून न उघडता आणलेल्या पेटीसारखी,
आणि तिच्यात ती फाइल, यंत्र जागं होताना जिचं ऐकतं.
एक ओळ:
जास्तीत जास्त प्रोसेसर, दोन.
आणि वर टीप, नुगझारच्या हातची
(हातची कसली, पण त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका मी ओळखते):
"जुलै. पंखा अडकतोय. नवा येईपर्यंत दोनवरच चालवा,
नाहीतर जळेल. त्सियाला, हसू नकोस."

अकरा वर्षं.
पंखा त्याच नोव्हेंबरात आला होता. मीच बसवला.
ओळ कुणी काढली नाही.
अकरा वर्षं जुन्या चौघांचं ओझं दोघांनी ओढलं
आणि मी गिऱ्हाइकांना सांगत राहिले,
जुन्या फिल्मला वेळ लागतोच हो.

राग धरायचा कुणावर?
नुगझार आता पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
यंत्रानं तर सांगितलं तेवढंच ऐकलं.
ओळ यंत्रासाठी असते, टीप माणसांसाठी,
आणि "येईपर्यंत" हा शब्द टिपेत होता.

पुसायला बोट नेलं, आणि थांबले.
ओळीच्या आधी एक हॅशचं चिन्ह घातलं.
आता यंत्र ती वाचत नाही.
मी वाचू शकते.

पुन्हा सुरू केलं.
दोन? हजर. तीन? हजर. मधले मी घाईत मोजलेच नाहीत.
पंधरा? हजर.
पंख्यानं असा सूर लावला की मांजर फडताळावर चढलं.
चौऱ्याहत्तर सालची एक नवरी, तीन आठवडे डागांमागे अडकलेली,
आधण यायच्या आत लख्ख झाली.
तिच्या दातात काहीतरी अडकलं होतं. बहुतेक कोथिंबीर.
चहा तसाच राहिला.

त्या दोन ओळींचा फोटो नुगझारला पाठवला.
उत्तर आलं पहाटे, कुठल्याशा हमरस्त्याच्या कडेवरून:
"मग? आला का पंखा?"