नमुन्याची वही

बोरा बझारात, जिन्याखाली, साडेचार फुटांचं दुकान.
रबर, पातं, शाई, आणि नमुन्याची वही.
जो शिक्का बनवला त्याचा पहिला ठसा वहीत,
हा वडिलांपासूनचा नियम. बुडालेल्या बँका
तिच्यात अजून ठणठणीत आहेत.

वकिलातीतला नूरउल्हक अकरा वर्षं येतोय.
हिंदी काबूलची, पानाची सवय इथली.
त्या ऑगस्टनंतर सहा महिने फिरकला नाही.
मग आला. पगाराचं काही बोलला नाही,
जुन्याच शिक्क्यासाठी शाईची नवी बाटली मागितली.
मी म्हटलं, तुमचं सरकार तर पळालं ना?
म्हणाला, सरकार पळालं. शिक्का ड्रॉवरमध्येच होता.

पुढची वर्षं मी पेपरात वाचत राहिलो.
ज्यांना मारायला विमानं जायची
त्यांना भेटायला विमानं जायला लागली.
नावापुढे आधी लाखांचं इनाम यायचं,
मग 'प्रवक्ते', मग नुसतंच 'साहेब'.
कुणी वकिलातीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली.
कुणी नव्या राजदूताचं पत्र घेतलं, पोच दिली नाही.
कुणी म्हणालं, बोलू, पण फक्त गव्हाचं.
गव्हाच्या पोत्यावर बसून मग तांब्याचं बोलले.
आणि मान्यता? छे, छे.
लग्नाला जायचं, आहेर करायचा, पोटभर जेवायचं,
फोटोच्या वेळी तेवढं हात धुवायला उठायचं.

परवाना हे एका मुलीचं नाव आहे.
कलिन्याला सांख्यिकीत एम.ए., राहायला वाकोल्यात,
तिघींत एक शेगडी.
मी हसलो. आमच्यात परवाना म्हणजे लायसन.
ती हसली नाही. त्यांच्यात म्हणे पतंग,
दिव्याभोवती फिरतो तो.
पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय.
नव्या माणसांकडे जावं तर अर्जात बापाचं नाव लिहावं लागतं,
आणि बाप जुन्या राज्यात न्यायाधीश होता.
जुना शिक्का मारलेला कागद आता कुठल्याच खिडकीवर घेत नाहीत.
तरी तिनं विचारलंच: काका, तुमच्याकडे त्याचा नमुना असेल?
होता. पान एकशे बारा.
नाही म्हणालो.

मंगळवारी नूरउल्हकनं काउंटरवर कागद ठेवला. नवं नाव.
मला ती लिपी येत नाही, मी नुसती वळणं कोरतो,
उजवीकडून डावीकडची डावीकडून उजवीकडे.
त्यानं वाचून दाखवलं: इस्लामी इमारत.
इमारत? कुठली?
अमिराचं राज्य, चुरीसाहेब, राज्य.
ओसी आहे का तिला?
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो खदाखदा हसला.
मुंबईत राहिलेला माणूस. त्याला कळलं.
वीज आहे, पाणी आहे दुप्पट दरानं,
सोळाव्या मजल्यावर बारसं सुद्धा झालंय,
म्युनिसिपालिटीचे साहेब गच्चीवर जेवून जातात.
कागद तेवढा येत नाही.
आणि कुणाला बाहेर काढायचं, ते मात्र
वॉचमन ठरवतो.

शिक्का दोन दिवसांत दिला.
बिल कुणाच्या नावे करू?
तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.
वरची ओळ कोरी ठेवा, म्हणाला. पैसे रोख.

पान एकशे तेरा. वही मी शाई वाळायच्या आत मिटली,
पन्नास वर्षांत पहिल्यांदा.
गुरुवारी परवाना आली तेव्हा उघडून दाखवली:
नवा ठसा समोरच्या पानावर उलटा उमटलेला,
बरोबर जुन्याच्या अंगावर.
दोन्हीतलं आता काहीच लागत नव्हतं.
मला तरी.
तिनं मान वाकडी करून पाहिलं, बोट टेकवलं,
ओठ हलले, पण काय वाचलं ते सांगितलं नाही.
बोटाला जांभळं लागलं. रुमालानं घासलं, पसरलं.
पाण्यानं नाही जायचं, थिनर लागतं, म्हणालो,
आणि बाटली शोधत बसलो.