फटाकडी

निफाडला पारा चारवर उतरलेला.
द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर
बांधाबांधानं येऊन
नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर बसून राहिलेला.
चापडगावच्या मनोऱ्याखाली आम्ही पाच जण
आणि सोपान डांगळे.
"काल इथंच होती," सोपान म्हणाला.
पक्षी नेहमी काल इथंच असतो.

ठिपक्यांची फटाकडी. मुठीएवढी.
नाव दिवाळीचं,
स्वभाव उधारी थकलेल्या माणसाचा:
हाक आली की मागल्या दारानं पसार.

मार्था रणभिसे सोळा हिवाळे तिच्या मागावर.
शरणपूरच्या शाळेत भूगोल शिकवून संपला,
उजवा गुडघा बदलून झाला,
वहीतली एक ओळ अजून कोरी.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधला.
तेहेतीस वर्षं नोटांचे ताव चाळले,
हजार सारख्यांतली एक चुकलेली काढायची.
पक्ष्यांतलं मला फार कळत नाही.
वेगळं तेवढं डोळ्यांत खुपतं.

थापटे दिसले, तलवार बदकं दिसली,
शेकाट्या लाल काड्यांवर उभे,
जांभळ्या पाणकोंबड्या पानवेलीवरून
बाजारला निघाल्यासारख्या.
"हिला शोधायचं नसतं," मार्थाताई कुजबुजल्या,
"नुसतं तिथं असायचं."
तीन तास आम्ही नुसते तिथं होतो.
पायांची बोटं आहेत की नाहीत, कळेना.

आणि कुणीतरी बागेत
मैनांना हाकलायला सुतळी बॉम्ब लावला.

अख्खं धरण उडालं.
आभाळाला पंखच पंख.
सगळे वर बघत राहिले, मार्थाताईसुद्धा,
दुर्बीण छातीवर, तोंड उघडं.
मी खाली बघितलं. सवयीनं.
हजार उडतात तेव्हा जे उडत नाही ते.

पाणकणसांच्या दोन झुडपांमध्ये
हातभर चिखल,
आणि त्यावरून ती चालत आली.
घाई नाही. ठिपके दहिवरासारखे.
चार पावलं. थांबली. शेपटी झटकली.
आत गेली.

माझ्या घशातून आवाज निघेपर्यंत
चिखल चिखलच होता.

सोपाननं रजिस्टर पुढं केलं.
"फोटो?"
नाही.
"दुसरं कुणी?"
नाही.
"मग काका, एकट्याचं धरत नाहीत."
बरोबरच आहे. प्रेसमध्येही
दोन सह्यांशिवाय ताव बाद होत नसे.
मी पेन टोपण लावून परत दिलं.

परतीला जीपमध्ये कुणी बोललं नाही.
सायखेड्याचा पूल गेला,
उसाच्या गाड्या गेल्या.
ओढा गावाशी मार्थाताईंनी
हातमोजा काढला,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"शेपटी कशी झटकली?"

मी त्यांच्यासमोर तर्जनी धरली
आणि एकदाच,
वर,
अशी.