हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानापुढे
जिवंत माणसांची रांग लागते.
खडकी बाजार, भांडीवाल्याच्या शेजारी,
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन कामे.
पाटीवरचं ‘सर्व’ माझ्या दिराने रंगवलंय,
निस्तरते मी.

अंगठा ठेवा. दाबू नका काका,
लिंबू नाही पिळायचं.
पुसा. परत. आता मधलं बोट.

तापकीर काका, अम्युनिशन फॅक्टरी, चौतीस वर्षं.
पितळ हाताळून बोटांवरच्या रेषाच गेल्यात.
यंत्र म्हणतं, जुळत नाही.
काका यंत्राला म्हणतात, अहो, मीच आहे.
मग माझ्याकडे बघतात,
जणू मी साक्ष दिली तर चालेल.
पडद्यावर चाक फिरत राहतं, आम्ही दोघं
गिरणीत दळण लावल्यासारखे उभे.

तेव्हा हळूच बोलले. मागचा माणूस
चहाला गेलाय हे बघून.

परवा फोन आला होता.
“विलास कोंडिबा तापकीर साहेब ना?”
एका दमात, वडिलांच्या नावासकट.
पेन्शनचा नंबरही त्यानेच वाचून दाखवला.
साहेब म्हणाला गं मला.
फोरमन जन्मभर ‘ए तापकीर’ म्हणायचा.
दाखला आला नाही, आज रात्री पेन्शन बंद,
काळजी करू नका, मी आहे ना.
आवाज इतका आपला
की मी त्याला विचारलं, जेवलास का.
म्हणाला, आधी तुमचं काम, मग जेवण.

त्याने पाठवलेलं अ‍ॅप घेतलं.
आकडे आले, ते सांगितले.
अठ्ठेचाळीस हजार.
बायकोला अजून माहीत नाही.

काय बोलणार.
खऱ्या साइटला हा माणूस तीनदा ओळखू येत नाही
आणि लबाडाने पहिल्या रिंगला ओळखला.

मी त्यांना माझं सांगितलं. हे दिरालाही ठाऊक नाही.
दंडाची पावती आली होती मोबाइलवर,
गाडीचा नंबर बरोबर, चौक बरोबर,
साइटच्या नावात एक अक्षर जास्त.
रोज दहा जणांना सांगते, आधी पत्ता वाचा,
शेवटी काय लिहिलंय ते बघा,
आणि त्या दिवशी कढईत फोडणी होती,
एका हाताने भरले.
काका पहिल्यांदा हसले. किती गेले?
एवीस नाही, नऊ हजार.
मग बरं, म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

एकोणीसशे तीसला लावला. स्पीकरवर.
पलीकडची मुलगी साहेब म्हणाली नाही.
व्यवहाराचा नंबर, बँक, वेळ,
कोरडं, भराभर, पुढचं बोला.
काका कुजबुजले, ही पण त्यांच्यातली नसेल ना?
नाही काका. ही गोड बोलत नाहीये, बघा ना.
अकरा हजार वाटेत अडवलेत म्हणाली,
बाकीचं लेखी कळेल.

मग चेहऱ्याने करून बघू म्हटलं.
मोबाइल समोर धरला, उजेडाकडे वळवलं त्यांना.
पापणी मिटा, असं आलं पडद्यावर.
काकांनी डोळे मिटले
आणि उघडलेच नाहीत.
अहो उघडा, उघडा, नुसती उघडझाप!
मला वाटलं, म्हणाले,
तू सांगशील तेव्हा.

हिरवी खूण आली.
विलास कोंडिबा तापकीर, हयात.
कागद लागत नाही काका, थेट जातं वर.
तरी एक काढ म्हणाले. रंगीत.
घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला,
वरून दोनदा हात फिरवला.

किती झाले?
चाळीस.
पायरी उतरता उतरता थांबले.
तो मेला, म्हणाले, फुकटात करून देणार होता.

रांगेत पुढे पठाण काकू,
हातात मोबाइल, दुरूनच दाखवत,
हे खरं आहे का गं? अकरा जणींना पाठवलं
की शिलाई मशीन मिळतं?

काकू, किती जणींना पाठवलंत?

सात.