ओटीचा तळ

चार वेळा ओटी भरली माझी.
खण, नारळ, तांदूळ, हळकुंड,
सातव्या महिन्यात हिरवा चुडा.
भरणाऱ्या बायांत एकीनंही म्हटलं नाही
की ओटीला तळ असतो
आणि तो झिजतो.

शिंक येणार वाटलं की
पाय आवळून उभी राहायची मी,
हर्णैच्या बंदरावर, गुडघाभर पाण्यात.
तेवढं पाणी बरं पडायचं.
ओल्या लुगड्यात कुठली ओल कुणाची,
कोण विचारतंय.

भीती सुक्यात.
भाचीच्या हळदीत सतरंजीवर टेकले नाही.
एसटीत सीट रिकामी, मी दांडा धरून
दापोलीपर्यंत उभी.
सकाळपासून पाणी नाही, चहा नाही.
कुणी गंमत सांगू लागलं की आधी उठून बाहेर जायचं,
मग हसायचं.

सासू म्हणायची, बायांचं असतंच तसं.
तिचं तर अंग बाहेर यायचं.
आडोशाला जाऊन आत ढकलायची
आणि पुन्हा पाटी डोक्यावर.
आम्ही तिला चिवट म्हणायचो.
कौतुकानं म्हणायचो, हे आता आठवलं की
जीभ चावावीशी वाटते.

गुरुवारी येते ती, दाभोळची नाझनीन मुकादम,
दवाखान्यात लसींच्या फ्रिजशेजारी पडदा ओढून बसते.
मुलं किती, विचारलं. चार.
आणि पाटी किती किलोची?
तीस वर्षांत हे फक्त व्यापाऱ्यानं विचारलेलं,
तेही मासळीसाठी.

म्हणाली, आतल्या आत लिफ्ट वर चाललीय असं समजा.
म्हटलं, बाई, लिफ्टमध्ये मी एकदाच चढले,
नवऱ्याच्या अँजिओग्राफीला,
तेही डोळे मिटून.
ती हसली. मी ओठ दाबले,
हसले तर काय होईल ते ठाऊक होतं.
बरं, तुम्हीच सांगा, म्हणाली, कशासारखं?

तिसरी, म्हटलं.
खाडीच्या वाळूतली. बोट लागलं की मिटते.
अगदी तश्शी, म्हणाली. मिटा. पाच मोजा.
आता उघडा.

मिटणं जमलं महिन्याभरात.
उघडणं जमेना.
पोट घट्ट, दात घट्ट, मुठी घट्ट.
सोडा हो, ती म्हणे, सोडणं हा अर्धा व्यायाम.
बावन्न वर्षांत मला धर म्हणणारे रगड भेटले.

उचलताना श्वास कोंडायचा नाही.
चुलीला घालतो तशी फुंकर घालायची,
मग पाटी.
होडीवरची पोरं ओरडली,
येसूमावशी, सुरमई गरम आहे काय?

आता चारच्या लिलावाला उभी असते.
साडेसातशे एक वार. मिटते.
साडेसातशे दोन वार. धरून ठेवते.
तीन वार. सोडते, सावकाश,
सगळी सोडते.
कुणाचं लक्ष पापलेटवर, कुणाचं नोटांवर.
एवढ्या कलकलाटात
मी माझ्या कामात.

बरी झाले असं नाही म्हणणार.
खोकला अजून दगा देतो.
लुगडं अजून गडदच नेसते.
पण काल भर उन्हात
सुवर्णदुर्गाकडे तोंड करून
तांब्याभर पाणी प्यायले,
मध्ये न थांबता.

आणि आज कुसुम, रघुवीरांची,
बर्फ फोडता फोडता शिंकली.
तिचे पाय मी बघितले. एकावर एक, पिळलेले.
नजर तिनं लगेच समुद्राकडे वळवली,
मीही वळवायचे तशीच.

जवळ गेले.
गुरुवारी मोकळी आहेस?
कशाला?
तिसऱ्या काढायला, म्हटलं.
तेव्हा भरती असेल, म्हणाली.
असू दे.