जांभळी प्लेट

रात्री पावणेतीनला मशीन ओरडलं.
चौदा नंबरची बाटली.
लेबलवर बॉलपेनानं: शालन ऐवळे, हरिपूर, वय बेचाळीस.
खाली वेगळ्या अक्षरात: किडनी बहिणीची.

काचपट्टीवर गुलाबी काड्या.
वॉर्डात फोन केला, "काड्या आहेत. नाव उद्या."
मिरजेत माझं काम एवढंच,
ज्याला अजून नाव नाही त्याच्यासाठी
कुणाला तरी झोपेतून उठवायचं.

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली, तर
जांभळी.
कृष्णाकाठच्या वांग्यासारखी,
ओली, चकाकती, ठिपका ठिपका.
बावीस वर्षांत हा रंग मी फक्त पुस्तकात बघितलेला.
बेनाडीकर सरांना हाक मारली, पोरींना बोलावलं,
मोबाइलवर फोटो काढला.
आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू.

मग जिन्यात तिची बहीण भेटली,
एका हातात डबा, दुसरा कुशीवर.
चार महिने झाले तरी टाके ओढतात म्हणाली.
"ताई, रक्तात काय निघालं?"
मी उलट विचारलं, "घरात पाणी आलेलं?"
"आलं की. उंबऱ्याच्या वर तीन फूट.
गाळ हिनंच काढला, ऐकतीय होय कुणाचं?
पत्र्यानं घोटा कापला. हळद दाबली, झालं."

गाळातला जीव तो, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारा.
तुमच्या-माझ्या घोट्यातून शिरला असता
तर बहुतेक दारातच संपला असता.
शालनचे राखणदार मात्र
आम्हीच गोळ्या देऊन पेंगत ठेवलेले,
बहिणीनं दिलेलं त्यांनी परकं म्हणून हाकलू नये म्हणून.
दार उघडं होतं ते तिच्यासाठी.
दाराला काय कळतंय.

रिपोर्टात हे लिहीत नाहीत.
तिथं एक लांबलचक परदेशी नाव,
आणि कुठलं औषध चालेल, कुठलं नाही.
नेहमीची सहा चालत नव्हती.
सातवं चाललं.

पुन्हा रक्त आलं, पुन्हा बाटली आत.
जाता-येता मी बघायचे,
शेगडीवरच्या दुधाकडं बघावं तसं.
पाच दिवस मशीन गप्प.
आमच्यात गप्प म्हणजे चांगलं.

प्लेट नियमाप्रमाणे वाफेत शिजवून टाकली.
फोटो आहे अजून.

रविवारी बाजारात वांगी घेतली.
एकेक उलटून बघत होते, तेव्हा बाई वैतागली,
"काय शोधताय एवढं?
कीड न्हाई त्यात. आमच्या मळ्यातली हायत."