थोडं रेंगाळणं

योएन्सूत डिसेंबरचा दिवस
साडेनऊला उगवतो, तीनच्या आत आटोपतो.
हिल्क्काच्या वाट्याला तोही येत नाही.
पिवळ्या दिव्यांखाली, पांढऱ्या झग्यात
ती नखाएवढ्या काचेवर खांब उभे करते,
किती कोटी, ते संगणकाला ठाऊक.
एकेक खांब प्रकाशाच्या लाटेहून अरुंद.

जाड खांबात प्रकाश जरा जास्त रेंगाळतो,
बारीक खांबात कमी.
तेवढ्याच फरकानं
अख्खी लाट कलते, वाट बदलते.
आरसा नाही, भिंग नाही, दटावणी नाही.

पहिल्या खेपेला
सुकता सुकता पाण्यानंच खांब ओढून
एकमेकांच्या गळ्यात टाकले.
दुसऱ्या खेपेला हवे होते तीस अंश,
मिळाले बावीस,
आणि बराचसा प्रकाश तर सरळच निघून गेला,
शाळा सुटल्यासारखा.

तिचा बाप कालेर्वो
पिएलिस नदीत ओंडके हाकायचा.
म्हणायचा, ओंडक्याशी कुस्ती नको,
शेपटाशी काठीनं थोडं थोपव,
तोंड आपसूक वळतं.
सांगताना हात पुढे करायचा,
त्या हाताला दोन बोटं कमी होती.

तिनं रांग पुन्हा आखली.
आज भिंतीवरच्या कागदावर
लाल ठिपका मधल्या रेघेपासून सरकला,
पेन्सिलच्या खुणेच्या किंचित अलीकडे थांबला.
तिनं लगेच मोजलं नाही.
लेझर बंद केला, परत लावला.
तिथंच.

बाहेर तीन कधीच वाजून गेलेले.
गोठल्या नदीत भोक पाडून
कुणीतरी मासे धरत बसलंय,
कपाळाला बॅटरी बांधून.