पळीची खोली

डॉक्टर ओदिलिया शिकाय यांच्या प्रयोगशाळेत
मी बाटल्या धुवायचो.
बाटल्यांत मुलांची लघवी, चोवीस तासांची,
वर नाव नाही, नुसता क्रमांक,
आणि बूच काढताच येणारा तो दर्प.
ग्वाटेमालाच्या त्या टेकड्या आठवल्या की
कॉफीच्या फुलांआधी मला तोच येतो.

पोटात गेलेलं नत्र किती, बाहेर पडलेलं किती;
उरलं तेवढं अंगी लागलं.
बाई म्हणायच्या, साधी वजाबाकी आहे, सेफेरिनो,
फक्त हातचा विसरू नकोस.

त्याआधी उंदीर होते.
नुसत्या मक्यावरचे खुरटले,
नुसत्या काळ्या घेवड्यावरचेही खुरटले.
सत्तर भाग मका, तीस भाग घेवडा मिळाला
ते मात्र पिंजऱ्याच्या गजांना दात लावू लागले.
एकाकडे लायसिन उणं, ते दुसऱ्याकडे मुबलक,
जसे दोन गरीब शेजारी,
एकाच्या घरी मीठ, एकाच्या चुलीत विस्तव.
सतरा नंबरचा उंदीर माझं बोट चावला
तर बाईंनी आधी त्याचं वजन केलं.

राजधानीतून पाहुणे आले, आलेख पाहून गहिवरले.
म्हणाले, तुमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं!
म्हणून तर शेतात घेवड्याचा वेल मक्यावर चढवतात.
बाई म्हणाल्या, वेल चढतो कारण त्याला ऊन हवं असतं.
माझ्या पोरांच्या वजनाशी त्याला काय देणंघेणं?

कारण सान्ता रुफिना गावात
रोज मका होता, रोज घेवडा होता,
आणि मुलांच्या दंडाभोवतीची फीत
वर्षभर त्याच रेघेवर अडली होती.

मग आम्ही तराजू पाठीला बांधून
फिदेलिया कूमेसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.
चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका तिनं पाट्यावर वाटला,
तोर्तिया थापल्या, तव्यावर टाकल्या.
घेवड्याचं मडकं उतरवलं.
मी पेन्सिलीला टोक केलं.

नवऱ्यासाठी पळी तळापर्यंत गेली,
मनगट वळलं, दाणे गच्च वर आले.
तो पहाटे मळ्यावर जाणार.
थोरल्यासाठी मध्यावर.
धाकटीसाठी वरच्या वर:
काळं निवळ कढण, त्यात तोर्तियाचा तुकडा.
तिला दाणे सोसत नाहीत, फिदेलिया म्हणाली,
बाळाला पोट फुगतं.
बाई काही बोलल्या नाहीत. वाटी उचलून तराजूवर ठेवली.
आत दाणे चार. त्यातला एक फुटका.

मी सत्तर-तीसचा हिशेब मांडायला गेलो
आणि तीसच्या जागी जे आलं
ते दोनदा खोडून पुन्हा मांडलं.
तेच आलं.

परतीच्या वाटेवर बाई एकदाच थांबल्या.
म्हणाल्या, माझी आईसुद्धा हेच म्हणायची,
सोसत नाही.
मी सहा वर्षांची होईस्तोवर
मला वाटायचं घेवडा म्हणजे पाणीच असतं.

पुढं त्यांनी दाणे शिजवून, साल काढून,
रगडून गोळा करायला शिकवलं,
बाळाच्या मुठीत मावेल एवढा.
काही घरांत टिकलं.
काही घरांत आम्ही जाताच मडकं पुन्हा जुन्या तऱ्हेनं ढवळलं जायचं,
आणि फीत ते बरोब्बर सांगायची.

छापून आलं तेव्हा लेखात उंदीर होते, लायसिन होतं,
सुरेख चढता आलेख होता.
पळी नव्हती. संपादकांनी विचारलं होतं,
हिचं एकक काय?

ती वही माझ्याकडे आहे.
पळी: बोटं तीन, बोटं सात, तळ.
नवरा, थोरला, मधली, धाकटी, सगळ्यांचे आकडे आहेत.
आईचा रकाना कोरा.
आम्ही बसलो होतो तोवर ती जेवली नाही,
आणि आम्ही उठलो
तेव्हा ती मडकं पुसायला तोर्तिया घेत होती.
तेवढं मोजायला थांबावं
हे दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.